पंधरवड्याचे चार शिक्के

४ मार्च, सोमवार

हजेरी! त्रेपन्नाव्या वर्षी शाळेतल्या पोरीसारखी हजेरी लावून आले. कारखान्यातून काढलं, बेकारी भत्ता मंजूर झाला — वाटलं, सुटले. कुठली सुटतेय! दर पंधरा दिवसांनी ग्रामकचेरीत तोंड दाखवायचं. गाव सोडून पळाले नाही हे दाखवायला! टेबलामागे ओतिलियाबाई. आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. म्हटलं, "अहो, सकाळीच तर जिन्यात भेटलात मला!"

"जिन्यातलं धरत नाहीत, झुल्मिराबाई. सही करा."

शिवाय चार दुकानांचे शिक्के आणायचे — इथे काम मागितलं, मिळालं नाही, याचा पुरावा. चार भरले नाहीत तर भत्ता बंद. आणि भत्ता बंद तर माझी चूल बंद. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, घरात दुसरं कमावणारं कोण आहे?

६ मार्च

सोपं वाटलं होतं. पण आमच्या बुटांच्या कारखान्यातून एकाच दिवशी ऐंशी बायकांना काढलं, आणि गावात दुकानं तीस! आमादेउच्या बेकरीत दोन रांगा — एक पावाची, एक शिक्क्यांची. माझा नंबर आला तेव्हा तोंड उघडायच्या आधीच शिक्का मारून मोकळा.

"अरे, विचारू तरी दे!"

"विचार."

"काम आहे का?"

"नाही. चला, पुढची!"

९ मार्च

दुसरा मिळाला. खाटकाचा. कागदाला रक्त लागलंय, पण तारीख वाचता येते.

१३ मार्च

औषधवाली काही घेतल्याशिवाय शिक्का मारत नाही. खोकल्याचं औषध घेतलं. खोकला नाही, पण आलाच तर तयारी आहे. चौथा न्हाव्याकडे. आता मी दारातूनच एका दमात सांगते — "काम नाही ना, मारा शिक्का!" त्यांचाही वेळ वाचतो, माझाही.

१७ मार्च, रविवार

चर्चमध्ये पुढच्या बाईच्या पायात आमच्या कारखान्याचे बूट. टाका माझाच होता, लगेच ओळखला. एकतीस वर्षं शिवत होते! बाई गुडघे टेकून प्रार्थना करत होती आणि मी तिच्या टाचांकडे बघत बसले. फार वाईट वाटलं. घरी येऊन कालचंच कोबीचं सूप गरम केलं.

१८ मार्च

न्हाव्याचा शिक्का ओतिलियाबाईंनी नामंजूर केला!

"पुरुषांच्या न्हाव्याकडे काम मागितलंत तुम्ही?"

"का? कात्री धरता येते मला."

"मिशा कापता येतात?"

"तुमच्या कापून दाखवू?"

हे बोलायला नको होतं. बाई लालबुंद! शुक्रवारी बारापर्यंत चौथा शिक्का आणा, नाहीतर भत्ता थांबवा असं वर कळवते, म्हणाल्या. संध्याकाळी जिन्यात माझी बटाट्यांची पिशवी मात्र त्यांनीच वर आणून दिली. मिशांचा विषय दोघींनीही काढला नाही.

२१ मार्च

पाय तुटले. लोखंडी सामानवाल्याचा शिक्का हरवलाय. फुलवालीची शाई संपली — "तुम्हीच संपवलीत ना सगळ्यांनी!" शेवटी पाद्रीबाबांना गाठलं. ते म्हणाले, "काम नाही असं कसं लिहू? देवाचं काम भरपूर आहे. पगार नाही, एवढंच." तसं लिहून द्यायला तयार होते! ते घेऊन ओतिलियाबाईंपुढे जायची माझी छाती नाही.

बाकीचे दुकानदार आता दारातूनच हाकलतात; एकच दुकान उरलंय, शवपेट्यांचं. तिथे आमच्यातली एकही गेलेली नाही. नाव काढलं तरी बायका छातीवर क्रूसाची खूण करतात.

२२ मार्च, शुक्रवार

चौथा शिक्का मिळाला नाही.

साडेअकराला शवपेट्यांच्या दुकानात शिरले आणि एका दमात म्हणाले, "काम नाही ना, मारा शिक्का!" म्हातारा एलिझेउ पेटीचं अस्तर शिवत बसला होता. टाके सगळे वाकडे.

"नाही मारत."

मी भांडले! बारा वाजायला आलेत, तुमचं काय जातं, एक शिक्का तर मारायचाय!

"अगं बाई, काम आहे तर नाही म्हणून शिक्का कसा मारू? तुला शिवता येतं का, ते सांग."

तिथेच पेटीला धरून रडले. सोमवारी आठला बोलावलंय.