पाण्यावर पंधरा सेकंद

लेउवार्डन, बुधवार, मे महिना

प्रिय बाउक्ये आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्यालाही. (उजव्याची तक्रार नाही असं बाबा म्हणाले, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करत नाही.) कोंबड्या अंडी देत असतील, शेजारच्या ईपकाकांशी कुंपणावरून चाललेलं भांडण सुरळीत चालू असेल, आणि डॉक्टरांनी बजावूनही तू कॉफीबरोबर लवंगा-जिऱ्याचं चीझ खात असशील, असं गृहीत धरते. मी बरी आहे. वजन एकोणसत्तर किलो चारशे ग्रॅम, खांदा ठीक. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस.

बातमी अशी की आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी पोहण्याची ‘अ’ परीक्षा, म्हणजे पोरांची सगळ्यात पहिली, पास झाले. हसून घे. माझ्याबरोबर आणखी अकरा उमेदवार होते. त्यांचं सरासरी वय सहा वर्षं चार महिने. (मला धरून काढलं तर आठ.) युरोपातली पन्नास मीटरची सगळ्यात वेगवान बाई वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, परीक्षेच्या नियमाप्रमाणे विजार, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घालून, शाळकरी पोरांच्या रांगेत उभी राहून ‘अ’ दाखला का काढते, हे गावातल्या प्रत्येकाने मला विचारलं. तू विचारणार नाहीस. कारण त्याचं कारण तूच आहेस.

एकवीस वर्षांपूर्वीचा जानेवारी आठव. परीक्षेच्या दिवशी बाबांची दूध कारखान्यात पाळी होती, म्हणून मला तलावावर तू घेऊन गेलीस. मी कपड्यांसकट उडी मारली, पाण्यात सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे गेले, छातीवर आणि पाठीवर पोहून दाखवलं. पाण्यावर तरंगणं तेवढं राहिलं होतं. इतक्यात ईपकाकांनी बाहेरून काचेवर थाप मारली आणि ओरडले, “बाउक्ये, तळं गोठलं! माणूस पेलतंय!” तू मला टॉवेलमध्ये गुंडाळून काखोटीला मारलंस. चार वाजता आपण तिघं बर्फावर होतो. माझे केस गोठून काड्यांसारखे उभे राहिले होते. घरी आल्यावर तू आईला सांगितलंस, “झाली पास.” आईने केक केला. मी दोन तुकडे खाल्ले, तेव्हा या गुन्ह्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

तुझ्या बाजूनेही विचार करून पाहिला. ज्या घरात प्रत्येकाने नैसर्गिक बर्फावर दोनशे किलोमीटरची स्केटची शर्यत एकदा तरी पूर्ण केली आहे, त्या घरात पोहणं म्हणजे बर्फ फुटल्यावर ओढवणारा प्रसंग. आवडीने कोणी पाण्यात उतरतं, हे तुला आजही पटलेलं नाही.

दाखल्याचा कागद पुढे कोणी मागितलाच नाही. अकराव्या वर्षी एव्हर्टने, आमच्या प्रशिक्षकाने, मला क्लबात घेतलं. तो स्वेटरच्या खिशात घड्याळ ठेवायचा आणि कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. पहिल्या दिवशी माझी वेळ लावून म्हणाला, “पोरी, तू पोहत नाहीस, पळून जातेस. कोणापासून?” मी म्हटलं, “थंडीपासून.” (पाणी चोवीस अंश होतं. त्याने अजून दोन अंश कमी करून घेतलं.) पंधराव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत उडी मारताच गॉगल गळ्यात आला, मी डोळे मिटून पोहले, दोनदा दोरीला धडकले आणि दुसरी आले. एकोणिसाव्या वर्षी आइंडहोव्हनला गेले. सकाळी साडेपाचला पाण्यात, नऊला कॉलेजात, तिथेही विषय पाणीच: ते वाहतं कसं आणि अडवतं कसं. बाविसाव्या वर्षी शर्यतीच्या चार मिनिटं आधी पोशाख कमरेवर उसवला. एव्हर्टने तो दात साफ करायच्या दोऱ्याने शिवला. रौप्यपदक मिळालं आणि व्यासपीठावर मला पुदिन्याचा वास येत होता. मग खांद्याची शस्त्रक्रिया झाली. आठ महिने मी काठावर बसून दुसऱ्यांच्या वेळा लिहिल्या. आणि मग गेल्या उन्हाळ्यात युरोपचं सुवर्ण: चोवीस सेकंद सात शतांश, दुसरीपेक्षा दोन शतांशांनी पुढे. अंतरात मांडलं तर चार सेंटिमीटर.

तू त्या दिवशी फोन केलास. “काय गं, पन्नास मीटर? मी सकाळी पत्रपेटीपर्यंत तेवढं चालते, आणि मला कोणी पदक देत नाही.” मी शांतपणे फोन ठेवला. (माझ्या खोलीतल्या मुलीच्या मते मी उशी फेकली. उशी आपोआप पडली.)

आता मुद्दा. गावात नवा तलाव झाला. नगरपालिकेने त्याला माझं नाव द्यायचं ठरवलं. भिंतीवर ‘रेन्स्के होइटिंगा’ अशी एक मीटर दहा सेंटिमीटर उंचीची अक्षरं बसलीसुद्धा. येत्या शनिवारी उद्घाटन, आणि पहिली उडी माझी. पाणी बघायला म्हणून मी महिन्यापूर्वी गेले, तर दारात आल्त्ये बाई. त्याच, ज्यांनी एकवीस वर्षांपूर्वी माझी परीक्षा घेतली होती. त्यांनी संगणकात माझं नाव घातलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “तुला खोल पाण्यात जाता येणार नाही. दाखला नाही.”

मी म्हटलं, “आल्त्ये बाई, भिंतीवर माझं नाव आहे.”

“भिंत कोरडी असते. तिला चालतं.”

नगराध्यक्ष धावत आले. “अहो बाई, ती युरोपची विजेती आहे!”

“युरोपने पाहिलं असेल तिला पोहताना. मी पाहिलं ते अर्धवट. तरंगण्याआधीपर्यंत उत्तम, पुढे पोरगी गायब. आणि तुम्ही फार बोलू नका, तुमचा स्वतःचा ‘अ’ तिसऱ्या खेपेला निघालाय.”

नगराध्यक्षांच्या दृष्टीने प्रसंग गंभीर होता, कारण शनिवारपर्यंत मला दाखला मिळाला नाही तर पहिली उडी त्यांना मारावी लागणार होती. माझ्या दृष्टीने त्याहून गंभीर: वर एक मीटर दहा सेंटिमीटरचं माझं नाव, आणि खाली मी कंबरभर पाण्यात, दंडाला फुगे बांधून.

दोन आठवड्यांपूर्वी परीक्षेला बसले आणि नापास झाले. हे लिहायला मला त्रास होतो आहे, पण नोंद अचूक हवी. आधी बेडकासारखं छातीवर पोहायचं होतं, शांतपणे. मी ते वेगात केलं; शेजारच्या तिघांच्या नाकात पाणी गेलं आणि एकीने तिथेच माझी तक्रार केली. मग पाठीवर पंधरा सेकंद नुसतं तरंगायचं. सहाव्या सेकंदाला माझे पाय तळाकडे निघाले.

काठावरून आल्त्ये बाई म्हणाल्या, “सोनं जड असतं, माहीत आहे. पाय वर!”

पाय वर आले नाहीत. कठड्यापाशी फुलं घेऊन उभे असलेले आईबाप दुसरीकडे पाहू लागले. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर, मेंढ्यांच्या भावाखाली, ‘विजेती बुडाली’ असं छापून आलं. (बुडाले नव्हते. पाय खाली गेले होते.) एव्हर्ट फोनवर चाळीस सेकंद हसला. मी मोजले.

मग मी नीट अभ्यास केला. फळीचं एक टोक वजनकाट्यावर ठेवून तिच्यावर आडवी झाले आणि माझा गुरुत्वमध्य काढला. अपेक्षेपेक्षा तो पायांकडे सरकलेला निघाला. मांड्यांत पंधरा वर्षांची मेहनत आहे आणि ती पाण्यापेक्षा जड आहे. उपाय कागदावर सोपा होता: हात डोक्यामागे ताणायचे, छाती भरलेली ठेवायची, श्वास बारीक घ्यायचा. पाण्यात नऊ सेकंदांवर अडकले, मग अकरा, मग तेरा. खरी अडचण गुरुत्वमध्याची नव्हतीच. चोवीस सेकंदांच्या शर्यतीत प्रत्येक हाताला काय करायचं ते मला ठाऊक असतं. इथे पंधरा सेकंद काहीच करायचं नव्हतं. काही न करता मी पाण्यात कधी राहिलेच नव्हते, आत्या. तेराव्या सेकंदाला माझे हात आपोआप निघायचे, पंधरा वर्षांची सवय. माझ्या क्लबातल्या मुली सरावाची वेळ सोडून बघायला थांबायच्या आणि “झोप गं बाई, झोप!” असं ओरडायच्या. त्याने झोप येत नाही.

आज आली. छताकडे पाहिलं, छतावरच्या तुळया मोजायला सुरुवात केली, चौदा मोजल्या, आणि आल्त्ये बाई म्हणाल्या, “पुरे. वीस झाले. तुला काय इथे मुक्काम करायचाय?”

इथल्या रिवाजाप्रमाणे एकेकाचं नाव पुकारलं की सगळा तलाव ओरडतो. माझं नाव बारावं. अकरा उमेदवार, त्यांचे आईबाप, आज्या आणि कोपऱ्यात लपलेला एव्हर्ट असे सगळे ओरडले. युरोपच्या पदकाच्या वेळी मी फक्त मूठ वळली होती. आज मी दोन्ही हात वर करून उड्या मारल्या, पाण्याने भरलेल्या बुटांसकट. साक्षीदार आहेत. आल्त्ये बाईंनी कागद हातात देताना माझा हात जरा जास्त वेळ धरला आणि म्हणाल्या, “एकवीस वर्षं ही नोंद माझ्या वहीत अडकून होती. सुटली.” त्यांच्या डोळ्यांत क्लोरीन गेलं होतं. माझ्याही, परीक्षेत गॉगल चालत नाही. नंतर आम्ही बाराही जण बाहेरच्या गाडीवर बटाट्याचे तळलेले काप खायला गेलो, मेयोनेज वेगळं. मागच्या खेपेला नाकात पाणी गेलेल्या, माझ्यासारख्याच पुन्हा बसलेल्या मुलीने मला तिच्यातले तीन काप दिले, म्हणजे प्रकरण मिटलं.

तेव्हा शनिवारची पहिली उडी माझीच. तू आली नाहीस तरी मी समजून घेईन. पायऱ्या एकोणीस आहेत आणि गुडघा तुझा आहे. ईपकाकांना आणि कोंबड्यांना, या क्रमाने, नमस्कार सांग.

तुझी भाची,
रेन्स्के

ता. क. दाखला नसल्याचं कळलं तेव्हा मी बाबांना जाब विचारला. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या संध्याकाळी तुझे स्केट ओले होते. गप्प राहिले, कारण आपल्याला का नाही बोलावलं याचाच त्यांना जास्त राग आला होता.

ता. क. २. त्याच बोलण्यात त्यांच्या तोंडून आणखी एक गोष्ट निसटली. फेब्रुवारीत तळ्यावरचा बर्फ फुटून तू आत गेलीस, टपाल टाकणाऱ्या बाईने बागेतली शिडी आडवी टाकून तुला ओढून काढलं, आणि रेन्स्केला कळता कामा नये अशी तू सगळ्यांना शपथ घातलीस. कडेला धरून तू किती वेळ होतीस ते कोणी मोजलेलं नाही. मी अंदाज काढला. तो इथे लिहीत नाही.

ता. क. ३. पहिली उडी नगराध्यक्षांनी मारली असती तरी माझं काही बिघडलं नसतं. पण ज्याच्याकडे स्वतःचा दाखला नाही, त्याला त्या तलावावर शिकवता येत नाही. सोमवारी सकाळी दहाला साठीपुढच्यांचा नवा वर्ग सुरू होतो. शिकवणार मी. यादीत आत्तापर्यंत एक नाव आहे, वय बहात्तर. पाणी एकोणतीस अंश ठेवायला सांगितलं आहे. जुने बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा काढून ठेव. नाही म्हणायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. साडेनऊला गाडी घेऊन दारात उभी असेन.