पठाणकोटचं क्वार्टर

१२ मार्च २०२१, शुक्रवार

आईने आज पुन्हा नाही म्हटलं. लस घेणार नाही — विषय संपला!

मी दोघांची नावं माजी सैनिकांच्या दवाखान्यात सांगून आले होते. ईसीएचएसचं कार्ड आहे, रिक्षाने गेलं की दहा मिनिटं. बापू फौजेतले, त्यामुळे आईलाही तिथेच लस. इतकं सोपं. तर ही म्हणते, "तुज्या बापाला टोच. मला न्हाई."

"अगं, तुला साखर आहे, दमा आहे. आधी तुलाच हवी."

"बनुबाई घिऊन आली अन् तिसऱ्या दिशी गेली."

बनुबाई म्हणजे गावाकडची, श्रीगोंद्याची शेजारीण. तिला आधी दोनदा हार्ट अटॅक येऊन गेले होते. ते सांगितलं. आईने भाकरी जोरात थापली.

१३ मार्च

पुन्हा नाही. आवाज मात्र आज बारीक.

१५ मार्च, सोमवार

खरं कारण आज कळलं. भांडी घासता घासता म्हणाली, "दोन दिस ताप येतो म्हनं. मी पडले तर ह्यांना कोन बघंल? तुज्या हातचं खात्यात का ते?"

नाही खात. करून पाहिलंय. ताट सरकवतात — "कला कुठंय?" विसर पडायला लागल्यापासून बापूंना भूकसुद्धा आईच्या हातानेच लागते. मला कधी कधी शेवंता म्हणून हाक मारतात, त्यांच्या बहिणीच्या नावाने. आत्या जाऊन किती वर्षं झाली! आणि मधेच एखाद्या सकाळी माझंच वर्तमानपत्र घेऊन मथळ्यावर बोट ठेवतात. "दीपे, झोपली हुतीस का काल?" मी तीस वर्षं उपसंपादक. तरी चूक खरीच निघते.

मी दुसऱ्या प्रश्नावर अडले आहे. लसीच्या तापाने आई दोन दिवस पडेल. करोनाने पडली तर? पुढच्या गल्लीतल्या सूर्यभानकाकांना दवाखान्यात नेलं, ते घरी आलेच नाहीत. हे तिला म्हणणार होते. म्हटलं नाही.

१७ मार्च, बुधवार

दवाखान्यातून फोन — शुक्रवारी सकाळी या. बापूंनी ऐकलं.

"टीका हाय? मंजी बदली आली!"

त्यांच्या पलटणीत लसीला टीका म्हणत, आणि लांबची बदली असली की आधी सुया टोचायच्या. लहानपणापासून ऐकत आलेय. उठले, पलंगाखालची काळी ट्रंक ओढली, कपडे भरायला लागले. झाकणावरची पांढरी अक्षरं अजून वाचता येतात — हवालदार सहादू.

"आता कुठं निघाला?" आई.

"पठानकोट. क्वार्टर मिळालंय."

आईचा हात पिठात तसाच राहिला.

पठाणकोटचं क्वार्टर खरंच मिळालं होतं. मी पाळण्यात होते तेव्हा. आईने सामान बांधलं, आणि त्यात पाट्याचा वरवंटा घातला! परक्या दगडावरचं वाटण बेचव लागतं म्हणून. बापू हसले होते म्हणे — तिकडं काय दगडं न्हाईत का? त्याच आठवड्यात आजीला लकवा झाला. सामान सुटलं, वरवंटा परत पाट्यावर आला, बापू एकटे गेले. पुढेही एकटेच. सुट्टीवर यायचे, जायचे. आई कधीच कुठे गेली नाही.

"क्वार्टर तुमाला मिळालं. मला काय त्याचं?"

"फॅमिलीला टोचल्याबिगर चावी देत न्हाईत. नियम हाय. तू येनार का न्हाई, तेवढं सांग."

मी तोंड उघडलं — बापू, बदली नाही, करोना आहे. आणि मिटलं. तीस वर्षं खोट्या ओळी कापत आले. ही राहू दिली.

१८ मार्च

आईने हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

१९ मार्च, शुक्रवार

झालं! दोघांचंही!

सकाळी आई माझ्या आधी तयार. हिरवं लुगडं, त्यावर निळा मास्क. दारात थबकली. "अवो, वरवंटा घिऊ का?"

"नगं. तिकडं मिळतो."

"तवाबी हेच म्हनला हुता!"

रिक्षात दोघं हसत होती. मी रस्त्याकडे बघत बसले.

दवाखान्यात खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. तिथे कोणी नाव विचारत नाही, पलटण विचारतात. जामखेडचे एक सुभेदार होते, बिभीषण नावाचे. मास्कमधून ओरडले, "कुठली पल्टन?" बापूंनी एका दमात सांगितली, कंपनीसकट!

"मग तुमी व्हा म्होरं. पायदळाला चालायला येळ लागतो. आमी रनगाड्यावाले, मागनं येतो."

"व्हय, अन् बंद पडला की ढकलायला आमालाच बोलवा!"

सगळी रांग हसली. सिस्टरसुद्धा.

बापूंनी घेतली आणि खुर्चीजवळून हलेनात. आईचा नंबर येईपर्यंत तिथेच उभे. सिस्टरने आईच्या चोळीची बाही वर सारली, आईने डोळे मिटले. बापूंनी तिचा दुसरा हात धरला. चार माणसांत! मी आजवर त्यांना एकमेकांचा हात धरताना पाहिलं नव्हतं.

नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. भिंतीवर पाट्या होत्या, टीव्ही होता. बापू तिच्या तोंडाकडे बघत होते.

२० मार्च

आईला ताप. बापूंना काही नाही!

भीतभीत वरणभात कालवला. "बापू, खा." खाल्ला. माझ्या हातचा! मग वाटी घेऊन स्वतःच आईच्या उशाशी जाऊन बसले. तिला एक एक घास.

"दोन घास खा. गाडीत काय मिळत न्हाई."

२२ मार्च, सोमवार

ताप उतरला. आई ट्रंकेतले कपडे परत कपाटात लावत होती. मी चाचरत म्हटलं, "आई, ते पठाणकोट—"

"मला येडी समजती का गं? ह्या वयात कसली बदली!"

"मग गेलीस कशी?"

घडी मोडून पुन्हा घातली. "तवा चल म्हनले, जाता आलं न्हाई. आता पुन्यांदा चल म्हनले. न्हाई कशी म्हनू?" मग दाराकडे बघून, "त्यांना कळू दिऊ नको. बदली रद झाली म्हनून सांग."

सांगितलं. बापूंनी मान हलवली. "फौजंत हे असंच."

२५ मार्च, गुरुवार

आज बापूंनी तिसऱ्या पानावरची चूक दाखवली. तारीखच चुकली होती. मग स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं, पेपर तोंडापुढे धरला आणि हळूच म्हणाले, "दीपे, करोनाचा दुसरा डोस कधी हाय? तवा तिला कुठली बदली सांगायची? पठानकोट दुसऱ्यांदा चालायचं न्हाई."