मेणवेलीवर ओतलेलं पाणी

मी, दैवशाला सोमेश्वर शेजूळ, वय ६८, व्यवसाय रोपवाटिका, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण "वहिनीला आजकाल भास होऊन राह्यले" असं माझा धाकटा दीर रामकिसन गावभर सांगत असतो.

१. हायवेला लागून असलेली जागा, त्यावरचं घर आणि रोपवाटिका ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. यजमान सोमेश्वर हयात नाहीत. आम्हाला मूल नाही. माझ्या जागेच्या मागची जमीन रामकिसनची. त्याला तिथे मंगल कार्यालय बांधायचं आहे आणि त्याला रस्ता फक्त माझ्या जागेतून निघू शकतो. विकणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलेलं आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर अशी मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. मला हे वकील शीतल तौर यांच्याकडून कळलं. रामकिसनला आधीपासून ठाऊक होतं.

२. मृत्युपत्राचं कारण नोंदवून ठेवते. गेल्या वर्षी रामनवमीच्या उत्सवाला मी जांब समर्थला गेले. रोपवाटिकेत माझ्याबरोबर राबणारी बेबीनंदा तेव्हा तिच्या गावी गेली होती, म्हणून रोपांना पाणी घालायला किल्ली रामकिसनकडे दिली. परत आले तेव्हा तो दारातच होता. म्हणाला, "दमून आलात वहिनी. माठ भरून ठेवलाय, आधी गार पाणी घ्या."

मी वाटेत पोटभर पाणी प्यायले होते. ओसरीवरच्या कुंडीतल्या मोठ्या होया वेलीला, आम्ही तिला मेणवेल म्हणतो, कळ्यांचे घोस धरले होते आणि पानांवर हायवेची धूळ बसली होती. मी अख्ख्या माठातलं पाणी तांब्यानं तिच्यावर ओतलं आणि एकेक पान हातानं पुसलं.

"अवो, ते प्यायचं पाणी हाय!" रामकिसन ओरडला. एवढं ओरडण्यासारखं काय आहे, ते मला तेव्हा कळलं नाही.

रात्री मी हंड्यातलं पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी वेल करपली. कळ्या गळाल्या. माझ्या बोटांची कातडी सोलून निघाली. शेतात जन्म गेलेल्या बाईला तणनाशकाचा करपा ओळखू येतो. मी आत धावले, तर माठ फुटून पडलेला. मागच्या दारानं आत आलेला रामकिसन केरसुणीनं खापऱ्या गोळा करत होता. "धक्का लागला वहिनी. नवा आणून देतो."

पुरावा राहिला नाही. किल्ली मीच दिली होती.

३. पुढे काही दिवसांनी त्याची बायको गिरिजाबाई शेवयांचा डबा घेऊन आली. डबा माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. खाली बघत म्हणाली, "अक्का, ह्यांनी द्यायला लावल्या म्हणून आणल्या. तुमी खाऊ नका."

"का गं?"

"मला इचारू नका. मला लेकरं हायेत."

माझ्या सोन्याच्या पाटल्या मी गिरिजाबाईला देते. हे मृत्युपत्र उघडण्याआधी वकीलबाईंनी तिला आणि लेकरांना बदनापूरला तिच्या माहेरी नेऊन पोचवावं. ती तिथे पोचल्याची खात्री झाल्याशिवाय हे कलम कुणालाही वाचून दाखवू नये.

४. घर, जागा आणि रोपवाटिका मी बेबीनंदा भागवत साळवे हिला देते. यजमान गेल्यापासून ती माझ्याबरोबर राबते, माझ्याच ताटाला ताट लावून जेवते. पण मिळकतीबरोबर माझ्या वाट्याचं भयही तिच्याकडे जाईल, हे मी जाणते. म्हणून तिला ही मिळकत विकता येणार नाही आणि तिच्या पश्चात ती गावातल्या मुलींच्या शाळेला जाईल. तिला काही झालं तर कुणाचाच फायदा होऊ नये.

५. मागच्या खोलीतल्या चार मेणवेली करपलेल्या वेलीच्या फांद्यांपासूनच पूर्वी लावलेल्या आहेत. बेबीनंदा, त्यांची कुंडी बदलू नकोस. मुळं दाटली की वेल फुलायच्या मनावर येते. थंडीत पाणी कमी घाल. फाल्गुनात नवे कोंब दिसले की त्यांना पूर्वेच्या खिडकीत आण, पाणी वाढव, गांडूळखताचं पातळ पाणी अधूनमधून दे. दुपारचं ऊन लागू देऊ नकोस, जाळी बांध. फूल गळाल्यावर उरलेला बोडका देठ कापू नकोस, पुढचा घोस त्याच देठावर येतो. कळ्या धरल्या की जागेवरून हलवू नकोस. आणि पाणी स्वतः भरलेलं घाल.

६. बँकेतली शिल्लक माझ्या दवापाण्याला आणि क्रियाकर्माला वापरावी, उरेल ती बेबीनंदाची. कलमं बांधायचा चाकू आणि कात्र्याही तिच्याच. करपलेली वेल कुंडीसकट रामकिसनला द्यावी. दुसरं काही देऊ नये.

७. माझा मृत्यू कसाही आला, झोपेत आला तरी, शवविच्छेदन झाल्याशिवाय मला अग्नी देऊ नये. रामकिसन घाई करील. ऊन फार झालं, पाहुणे खोळंबलेत, म्हातारीच्या देहाची विटंबना कशाला, असं म्हणेल. रडेलही. ऐकू नये.

८. मला संपवून काही हाती लागणार नाही, हे त्याला कळावं म्हणून मी काल त्याला मृत्युपत्राचं सांगितलं. कुणाला काय दिलं ते सांगितलं नाही. तो जराही चिडला नाही. "बराबर केलं वहिनी, माणसानं तयारी ठेवावी," म्हणाला. निघताना उंबऱ्यात थांबून त्यानं विचारलं, "पण अजून सही झाली न्हाई ना?"

वकीलबाईंनी सहीसाठी पुढच्या आठवड्यातला दिवस दिला होता. तोवर न थांबता मी त्यांना आज घरी बोलावून घेतलं आहे आणि खालील दोघांसमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत सही करते.

सही : दैवशाला सोमेश्वर शेजूळ

आमच्यासमोर सही केली, आम्ही बाईंच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या :
१. कारभारी अप्पाराव उढाण, वडीगोद्री
२. द्वारकाबाई राधेश्याम भुतेकर, वडीगोद्री

स्थळ : वडीगोद्री
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६