भांड्यांच्या मशीनला फेस का येतो

तीर्थरूप आत्या यांस,

तुमच्या धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पत्रात साष्टांग घालणे सोपे असते हे मला कळते, पण तुम्ही समोर असतात तरी घातलाच असता.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना मधल्या पायरीवर थांबता की अजून एका दमात चढता? पुढच्या आठवड्यात तुम्ही इकडे येणार म्हणून आम्ही सर्व आनंदात आहोत. आमच्याकडे सगळे ठीक आहे असे लिहायची पद्धत असते, म्हणून तेही लिहितो, आणि मग जे खरे आहे ते लिहितो.

खरे असे की काकांनी काकूसाठी भांडी धुण्याचे मशीन आणले आहे आणि ते परत जाण्याच्या बेतात आहे. तुम्हाला ठाऊकच आहे की काकूच्या हातांना साबण सोसत नाही. बोटांना चिरा पडतात, भरत येतात आणि पुन्हा उलतात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले की साबणाच्या पाण्यात हात घालणे बंद, नाहीतर मलम लावले काय आणि न लावले काय. रबरी मोजे घालून पाहिले, तर हात आत घामेजून आणखी चिडले. पण यात भांडी ही लहान गोष्ट आहे, मोठी गोष्ट शिवणाची आहे. काकांच्या दुकानातली (म्हणजे आमच्या पुढच्या खोलीतली) काजे आणि तुरपाई काकूच करत आली. आता तिचे बोट तलम कापडावरून फिरले की चिरेत धागा अडकतो आणि कापडाला रेघ पडते. एका गिऱ्हाईकबाईचा झगा असा गेला, तेव्हापासून तिने सुई खाली ठेवली ती ठेवलीच. काका तिला एका शब्दाने बोलले नाहीत. ते काजे बाहेर करायला देऊ लागले आणि करून आलेली काजे खिडकीपाशी धरून उसासे टाकू लागले. मग एके दिवशी हातगाडीवरून हे मशीन आले.

आत्या, तुम्ही ते पाहिलेले नाही म्हणून सांगतो. बाहेरून साधे पांढरे कपाट आहे. दार मात्र वरून खाली, पुढे उघडते, आणि आत सगळे पोलाद, इतके चकचकीत की पहिल्यांदा वाकलो तेव्हा मला माझाच घाबरलेला चेहरा दिसला. आत दोन पाती आहेत, एक वर, एक खाली. ती कोणी फिरवत नाही. त्यांना बारीक भोके आहेत, त्यांतून पाणी उसळते आणि त्या उसळण्याच्या जोरानेच पाती गरगरतात. (पाण्याला असे कामाला लावायचे कोणाला सुचले असेल, या विचाराने मी त्या दिवशी कामावर एका दुकानाची पाटी रंगवताना काना गाळला. मालकांच्या लक्षात यायच्या आत घातला.) दार लावले की काही दिसत नाही, नुसते ऐकायचे. आधी घोट घेतल्यासारखा आवाज येतो, मग ते थोडे थांबते, विचार केल्यासारखे, आणि मग पोटात पाऊस सुरू होतो. काकांनी टेप काढून त्याचे आतून-बाहेरून माप घेतले आणि म्हणाले, "अस्तर चांगलं आहे." काकू दारात उभी होती. ती म्हणाली, "देवळात आल्यासारखं वाटतं." तेव्हा आम्हाला ते कौतुक वाटले. ते कौतुक नव्हते, हे पुढे येईल.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एकदा पोटातला पाऊस थांबला, लाल दिवा मिचकू लागला, आणि दाराच्या खालच्या फटीतून पांढरा फेस बाहेर आला. सावकाश आला, पण थांबला नाही. दार उघडले तर ताटे, वाट्या, दुधाचे पातेले, काही दिसेना, नुसता ढग. मी डावाने फेस काढून बादलीत टाकला. (फेस बादलीत टाकून पाहा, आत्या. तो खाली बसतच नाही.) त्यानंतर एक दिवसाआड हे होऊ लागले, आणि मग रोजच. काकांनी शिलाई मशीनवरून उठून स्वयंपाकघरात खुर्ची टाकली. आजाऱ्याजवळ बसावे तसे ते तिथे बसू लागले. अधूनमधून हात लावून ते किती गरम आहे ते पाहत. गिऱ्हाईक हाक मारत असे, "मास्तर, ब्लाउज झाला का?" तर आतून उत्तर जाई, "घरात बरं नाही."

उपचार सगळे मी केले. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, तिच्यात "सावधान" जिथे जिथे आहे तिथे दोनदा वाचली. मशीन तिरके असेल म्हणून फरशीवर गोटी ठेवून पाहिली, ती हलली नाही. काकांना हलल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी पुढच्या पायाखाली गॅबर्डीनच्या कापडाची घडी सरकवली. पाती काढून त्यांची भोके काकांच्या बारीक सुईने एकेक साफ केली, काही नव्हते. पाणी मऊ करण्याचे खास मीठ घातले. मशीनमध्ये घालायची धुण्याची वडी अर्धी केली, मग पाव केली, फेस तेवढाच. शेवटी तळातली जाळी काढली. पुस्तिकेत लिहिले आहे की अन्नाचे कण इथे साचतात आणि निम्मे रोग इथूनच सुरू होतात. मी नाक धरून जाळी वर काढली, तर ती दुकानातून आणल्यासारखी. कण नाही, तेलकटपणा नाही, वास नाही. मला त्या जाळीचा अभिमान वाटला. मी ती काकूला दाखवली. ती म्हणाली, "ठेव ठेव, जागच्या जागी ठेव," आणि दुसरीकडे पाहू लागली. मला वाटले, सवयीप्रमाणे विनय.

मग मेकॅनिकला बोलावले. उंच माणूस, गुडघ्यांवर बसला की जास्तच उंच वाटतो. त्याने रिकामे मशीन चालवून पाहिले, आणि तुम्हाला सांगतो, डॉक्टर आल्यावर दुखणे पळावे तसे ते सुरळीत चालले. फेसाचा टिपूस नाही. त्याने आम्हाला समजावले की फेस उतू जाऊन खालच्या थाळीत गेला की तिथला एक तरंगणारा तुकडा वर उचलला जातो आणि मशीन स्वतःच स्वतःला बंद करते, घर भिजू नये म्हणून. (मी ऐकतच राहिलो. घर भिजू नये म्हणून जे स्वतः थांबते त्याला नुसते मशीन म्हणायला जीभ रेटेना.) तो म्हणाला, "हाताने घासायचा साबण घातलात ना आत? खरं सांगा." काका म्हणाले, "माझ्या घरात? वडीच घालतो, तीही मोजून." मी पुस्तिकेचे पान काढून दाखवले. काकू पडद्याआडून म्हणाली, "चहा टाकू का तुम्हाला?" मग त्याने जाळी काढली, उजेडात धरली, फिरवली आणि आमच्याकडे पाहिले. "अशी जाळी मी कुठे पाहिली नाही. तुम्ही घरी जेवता ना?" आम्ही हो म्हटले. "मग मशीन ठणठणीत आहे," असे सांगून तो गेला. काकांचा मात्र त्या दिवसापासून धीर सुटला. दुकानदार महिनाअखेरपर्यंत परत घेतो म्हणाला आहे. काकू पुन्हा मोरीशी बसणार, मलम वाया जाणार, आणि काजे बाहेरच जाणार. एवढे होऊनही काकूची बोटे का भरत नाहीत हे कोणाला कळेना. काकांना तर मलमही खोटे वाटू लागले.

कळले ते असे. मंगळवारी एका पाटीवरचा रंगाचा पहिला हात वाळायचा होता म्हणून मालकांनी मला दुपारीच सोडले. मागच्या दाराने आलो. पुढच्या खोलीत काकांचे शिलाई मशीन चालू होते, आणि मोरीत काकू दोन्ही हात कोपरापर्यंत साबणात घालून भांडी घासत होती. शिलाई मशीन खडखडले की ती नळ सोडी, थांबले की नळ बंद करी, हात हवेत, श्वास धरून. पुन्हा खडखड, पुन्हा नळ. पायजम्याची लांब शिवण आली की दोन ताटे नीट विसळून होत. मध्ये बटणाचे काम आले की उरलेली तशीच, साबणासकट, भांड्यांच्या मशीनमध्ये. मी जागच्या जागी उभा राहिलो, आत्या. मला एकदम सगळे दिसले. काका जितके काळजीत पडत तितके शिवण सोडून खुर्चीवर बसत, ते जितके बसत तितका नळ बंद राही, आणि नळ जितका बंद राही तितका आत फेस होई. आमच्या काळजीनेच तो फेस वाढत होता, आणि मी सुईने भोके साफ करत बसलो होतो.

मी म्हटले, "काकू, हे काय?"

"हळू बोल. थांबलंय ते."

आम्ही दोघे थांबलो. खडखड सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, "एवढं लखलखीत आहे रे ते आत. त्यात खरकटं कसं ठेवू? लोकाच्या घरी घाण पाठवल्यासारखं होतं."

"पण ते त्यासाठीच आहे."

"असेल. ह्यांना सांगू नकोस. मी रोज घासते हे कळलं तर जेवायचे नाहीत. किती हौसेनं आणलंय." मग नळ बंद करून, हात पदरात घेऊन, ती जे म्हणाली ते लिहू की नको याचा मी पुष्कळ विचार केला. ती म्हणाली, "आणि वन्सं येणार आहेत. घासल्याशिवाय ठेवलेलं त्यांनी पाहिलं तर?"

मग तिने सांगितले (तुम्ही रागावू नये, मी फक्त ऐकले ते लिहितो) की ती नवी असताना तुम्ही एकदा तिने घासलेल्या वाटीत आतून बोट फिरवले होते. बोललात काही नाही. वाटी खाली ठेवलीत आणि दुसऱ्या विषयावर गेलात. त्या बोटाला काय लागले होते, की काहीच लागले नव्हते, हे तिला आजपर्यंत माहीत नाही. तेव्हापासून ती प्रत्येक वाटी तुमच्या बोटासाठी घासते. तुम्ही इतक्या लांब राहूनही रोज आमच्या मोरीत हजर असता, हे ऐकून मला जो आदर वाटला तो मशीनबद्दल वाटलेल्या आदरापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि म्हटले, आज मशीन मी भरणार. दुधाचे लागलेले पातेलेसुद्धा नुसते खरवडून आत ठेवले. काकूला बघवेना, ती पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. काका खुर्चीवर, मी जमिनीवर. घोट झाला, विचार झाला, पाऊस झाला, आणि दिवा मिचकला नाही. शेवटी दार उघडले तेव्हा ऊन वाफेचा एक लोट बाहेर आला, माझे डोळे भरले (वाफेने), आणि आत प्रत्येक वाटीत खिडकी दिसत होती. काकू आली. तिने एक वाटी उचलली, आतून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, मग दारापाशी उजेडात जाऊन पुन्हा पाहिले. "निघालंय," एवढेच म्हणाली, पण अशा आवाजात की काका उभे राहिले. काकांच्या मते गुण गॅबर्डीनच्या घडीचा. मी त्यांना तसे वाटू दिले.

त्याच्या पुढच्या दिवशी मी कामावर गेलो आणि पुन्हा फेस. मी सकाळी भरलेली भांडी तिने माझी पाठ वळताच बाहेर काढून घासली होती. मला म्हणाली, "तुझं पटतं रे. हात ऐकत नाही." काकांनी मशीन परत पाठवायला त्याचे खोके माळ्यावरून खाली काढले आहे आणि ते त्यावर कपड्यांचा ब्रश फिरवत असतात.

असो. तुमच्या भाच्याच्या हातून पाट्या बऱ्या होत आहेत. प्रकृतीस जपावे, येताना सामान कमी आणावे, बस थांब्यावर मी येतोच.

आपला आज्ञाधारक,
पाटीवाला भाचा

ता. क. हे सर्व लिहिले ते एका विनंतीसाठी, जी वर लिहायला धीर झाला नाही. तुम्ही याल त्या दिवशी जेवण झाल्यावर आपले ताट आपण स्वतः उचलून, जसे असेल तसे, काकूसमोर मशीनमध्ये ठेवावे. काही बोलू नये. तुम्ही न बोलता केलेल्या गोष्टी या घरात फार टिकतात, म्हणून म्हणतो.

ता. क. दुसरा. वाटीची गोष्ट मी कळवली हे काकूला कळू देऊ नये.

ता. क. तिसरा. कळले. तुमच्या प्रत्येक पत्रात तिला स्वतःच्या हाताने नमस्कार लिहायचा असतो हे मी विसरलो. पाकिटासाठी खळ आणायला उठलो, परत आलो तर कागद तिच्या हातात. तिने सगळे वाचले. मग म्हणाली, "वन्संनी स्वतःचं ताट उचलायचं? माझ्या घरात?" मी म्हटले, खोडतो. "खोडू नकोस. खाडाखोड त्यांना आवडत नाही." पुढच्या खोलीत शिलाई मशीन थांबले होते तरी ती हळू बोलली नाही. "लिही खाली. ताट खालच्या कप्प्यात ठेवा म्हणावं, तोंड मधल्या बाजूला करून. आडवं ठेवलं तर पाणी पोचत नाही. आणि आधी नळाखाली धरू नका. फेस होतो."