चौसष्टावा सीन

२ फेब्रुवारी, सोमवार
पहिल्याच दिवशी ‘कट’ म्हणायचं विसरले! सीन संपला, नट ताटकळलेले, कॅमेरा चालू, आणि मी आपली वहीत पुढचे संवाद खोडतेय. शेवटी कॅमेरामनच म्हणाला, “मॅडम, आता तुम्ही दिग्दर्शक आहात.” सगळे हसले. मीही हसले.

५ फेब्रुवारी
मावशी – नऊ वर्षं मी लिहिलेल्या मालिकेतली आई, आता सिनेमातलीही – मेकअप करता करता म्हणाल्या, “शेवटचा सीन कधी देतेस गं?” बारा वर्षं न बोललेली मुलगी घरी येते, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते. आई काय म्हणते? एवढाच सीन. चौसष्टावा. म्हटलं, त्या दिवशी सकाळी देते. मालिकेत असंच चालायचं – सातला पानं, नऊला शूटिंग. “तुझी खोड काही जायची नाही,” म्हणाल्या.

९ फेब्रुवारी
तीनदा लिहिला, तीनदा फाडला. आईनं माफ केलं तर गुळमट होतं, नाही केलं तर खोटं वाटतं. नवरा म्हणे, “आई आहे, माफ करणारच की.” संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

१२ फेब्रुवारी
कलादिग्दर्शक कागद घेऊन आले. घरातले सीन संपले, सही करा. बाहेरच्या शूटिंगची गाडी खाली उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. यादी पाहिली, त्रेसष्टपर्यंत सगळ्यांवर खूण. केली सही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
घराचा सेट लावलेल्या गोदामात गेले तर घर नाही! जिना नाही, स्वयंपाकघर नाही. एक माणूस भुसा झाडत होता.

कलादिग्दर्शकांना फोन लावला. “तुम्हीच सही केलीत की.” आणि चौसष्ट? “चौसष्टचं पानच आलं नाही मॅडम. पान नाही, तर यादीत कुठून येणार?”

बरोबर आहे त्यांचं. मालिकेतलं घर नऊ वर्षं उभं होतं. सुना बदलल्या, मुलं बदलली, घर तिथल्या तिथे. काम झालं की घर पाडतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मूर्ख बाई!

निर्मात्यांना अजून सांगितलेलं नाही.

१८ फेब्रुवारी
सांगितलं. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. “सेट पुन्हा उभा करणार नाही. आहे तेवढं जोडा. शुक्रवारी बघतो. नाही जमलं, तर दुसऱ्या कुणाला बसवतो.” म्हणजे माझ्या खुर्चीत. या खुर्चीसाठी किती जणांचे उंबरठे झिजवले मी! सिनेमा हातचा गेला तर पुन्हा कुणी विचारणार नाही.

१९ फेब्रुवारी
सकाळी एकदम सुचलं. मावशींचं खरं स्वयंपाकघर! फोन केला. “ये की, उद्याच ये,” म्हणाल्या. आणि लगेच, “पण सीन आहे का गं?”
“बघते,” म्हटलं आणि फोन ठेवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
आहे तेवढा सिनेमा जोडून दाखवला. त्रेसष्टाव्या सीनमध्ये मुलगी घराच्या दाराशी येते, आत आई मान वर करते – आणि पडदा काळा. संपलं. निर्माते चॅनेलच्या बाईंना घेऊन आले होते. दोघं बाहेर जाऊन बराच वेळ बोलले. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेली.

बाई आत आल्या. “शेवट नाही, हेच तर छान आहे.” क्षणभर वाटलं, जिंकले! “याची मालिका करू. आई तिला घरात घेते की नाही, यावर वर्ष सहज निघेल. घर पुन्हा उभं करू, पक्कं. लिहायचं तुम्हीच. दिग्दर्शन आमचा माणूस करेल.” नाहीतर सिनेमा दुसरा कुणीतरी पूर्ण करणार, आणि शेवटही तोच लिहिणार. मावशींच्या घरचं सांगितलं. निर्माते म्हणाले, “ठीक आहे, उद्या सीनचं पान दाखवा. मग बघू.”

नवरा म्हणाला, “एक पान तर हवंय. आत्ता बस. चहा मी करतो.”

२१ फेब्रुवारी
मालिकेला हो म्हटलं. फोन ठेवला आणि इतकं हलकं वाटलं, की स्वतःचीच लाज वाटली. चौसष्टावा सीन आता लिहावा लागणार नाही.