अहो, डावीकडे

२२ फेब्रुवारी, शनिवार. रिकार्टन, लेकीकडे
सानिकाने आज बोटीची तिकिटं हातात ठेवली. ब्लफहून निघायचं, स्ट्युअर्ट बेट आणि आजूबाजूची लहान बेटं, पक्षी बघत चार दिवस. बारा माणसांची बोट. परत करता येतील का विचारलं. "आई, नॉन-रिफंडेबल. गप जा आणि एन्जॉय कर."
हे खूश. बँकेत होते तेव्हाही रविवारी दुर्बीण घेऊन पाषाणच्या तळ्यावर. अल्बट्रॉस एकदा बघायचाय म्हणतात.
मला वेगळीच काळजी. दिवाळीपासून ह्यांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय. चहा कपाबाहेर ओततात. सानिका नर्स आहे, ती म्हणते, "बाबा, इथेच दाखवू. असल्या गोष्टीत एकेक दिवस महत्त्वाचा." ह्यांचं एकच — "चष्म्याचा नंबर वाढलाय. पुण्याला गेल्यावर बघू." नऊ मार्चचं परतीचं विमान. पुण्याला गेल्यावर हे काही बघणार नाहीत, मी ओळखून आहे.

२३ फेब्रुवारी
पोटातलं सगळं समुद्राला दिलं. रामनाम चालू. हे ठणठणीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार. एकादशी
केळी आणि दाण्याचे लाडू. लाडू घरचे, म्हणून निभावलं.
आमची वाटाडी अरोहा. इथलीच, माओरी. म्हणाली, अरोहा म्हणजे माया. मी सारखी "अहो, इकडे या", "अहो, टोपी घाला" करते, तर सगळ्या बोटीला वाटलं ह्यांचं नावच अहो! टौरंगाचे एक गोरे आजोबा सकाळी म्हणाले, "मॉर्निंग, मिस्टर अहो." हे हसले, पण दुरुस्त केलं नाही. अरोहा म्हणते, त्यांच्या भाषेत अहो म्हणजे दोरी, गळाची असते तशी.
दुपारी उल्वा बेटावर उतरलो. त्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासून घेतले, बाहेरचं एक बी बेटावर जायला नको म्हणून. माझ्या पर्समधल्या पुडीत तुळशीच्या मंजिऱ्या निघाल्या. अरोहाने त्या डबीत घालून बोटीवरच ठेवल्या, "परत येताना देते" म्हणाली. देवाची वस्तू म्हणून दोन्ही हातांनी घेतली तिने. बरं वाटलं.
बेटावर वेका नावाचा पक्षी, कोंबडीएवढा, तपकिरी. धीट. ह्यांच्या बुटाची नाडी ओढायला लागला. सगळे हसले. हेही हसले आणि खाली बघत मला हळूच म्हणाले, "कुणाचं कुत्रं गं?"
या बेटावर कुत्रं आणायला बंदी आहे. पाटी वाचून दाखवणारे हेच. नाही — पाटी मी वाचली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.
अरोहा ओरडली, "अल्बट्रॉस, नाइन ओक्लॉक!" मी घड्याळ बघितलं, सव्वातीन. नऊ म्हणजे डावीकडे, हे नंतर कळलं. सगळे डावीकडे धावले. ह्यांनी दुर्बीण लावली उजवीकडे. "वा," म्हणाले, "काय सुंदर."
तिकडे नुसतं पाणी होतं.
मी जवळ गेले. "अहो, डावीकडे." खांदे धरून वळवलं. कानाशी सांगत राहिले — अंग पांढरंशुभ्र, पंख वरून काळे, पसरले की आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीएवढे. फडफड नाही. लाटेला पोट घासतो आणि पुन्हा वर. चोच फिकट गुलाबी.
"मग?"
"मग वळला. आता आपल्या डोक्यावरून चाललाय."
"हो, कडेकडेने काहीतरी गेलं खरं." दुर्बीण खाली केली. म्हणाले, "मधोमध काळा डाग आहे गं. बघायला जावं तेच जातं. तुझ्या कुड्या दिसतात, तोंड दिसत नाही."
मी म्हटलं, "तोंड आता बघण्यासारखं राहिलंय कुठे."
"ते मी ठरवीन," म्हणाले.
अर्धा तास मी सांगत होते. घसा बसला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्री
बेल कुठला! समुद्राचं पाणी तांब्यात घेऊन महादेवाच्या नावाने पुन्हा समुद्रातच वाहिलं. हे शेजारी उभे. म्हणाले, "रेंज आली की सानिकाला फोन लाव. डॉक्टरची वेळ घे म्हणावं."
मी फोन हातातच धरून बसले. उशीर झाला तर बदलतील.

३ मार्च, सोमवार. रिकार्टन
डॉक्टर म्हणाले, उजव्याचं फारसं होणार नाही, डावा राखता येईल. पहिलं इंजेक्शन आजच दिलं. आता दर महिन्याला. विमान पुढे ढकललं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी दिवाळी सांगणार, तेवढ्यात हे म्हणाले, "तीन वर्षं."
तीन वर्षं! म्हणजे रोज संध्याकाळी मला पोथी वाचून दाखवत होते, ओळीखाली बोट धरून, पानं उलटत — ते सगळं पाठ होतं.
आज दिवा लावल्यावर पोथी मी घेतली. दोन ठिकाणी अडखळले. ह्यांनी डोळे मिटूनच शब्द पुरवले.