धीराचे तारे

३ फेब्रुवारी
आभाला, माझ्या नातीला, दुसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं आणि सूनबाईंनी, म्हणजे संजनाने, डॉक्टरांसमोर माझ्या बालवर्गाकडे बोट दाखवलं. म्हणून लिहिते आहे. पुरावा असावा. मुलीला तीन वर्षांची होईपर्यंत डायपरमध्ये कोणी ठेवलं? मी नाही.

५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलं. पाणी भरपूर. दर दोन-तीन तासांनी लघवी. रोखायची नाही. धुताना पुढून मागे. पोट साफ. मी ऐंशी सालची बी.एस्सी. यातलं काय नवीन? नव्या पनवेलमधल्या कुठल्याही बालवर्गात असा स्वच्छ संडास दाखवा. कुलूप असतं म्हणूनच स्वच्छ. चावी माझ्या कमरेला. वेळा दोनच: दहा वाजता आणि बारा वाजता.

९ फेब्रुवारी
मालू मदतनीस आहे, सल्लागार नाही. आज म्हणाली, "बाई, पोरं पाय आवळून बसतात, तुमाला दिसत नाय?" मला दिसते ती शिस्त.

१० फेब्रुवारी
ठरवलं. तासातासाला पाणी. मुख्य जबाबदारी पालकांची, तरी मी करणार.
सकाळी ११. राजसने सतरंजी भिजवली. पोरं पाणी प्यायली की लगेच चावी मागतात. टँकरचा पत्ता नाही. बाटल्या दप्तरात ठेवायला लावल्या.

११ फेब्रुवारी
पाणी उद्यापासून. धीराचे तारे मात्र पहिल्यासारखे चालूच. अधेमध्ये जायला न मागणाऱ्याला कागदी तारा. आभा सर्वांच्या पुढे, सतरा. रक्तातच आहे.

१८ फेब्रुवारी
पाणी सोमवारपासून.

२ मार्च
आभाला ताप १०२. पुन्हा तेच इन्फेक्शन. मूत्रपिंडाची सोनोग्राफी सांगितली आहे. संजनाच्या डब्यातली बिस्किटं कारणीभूत, हे मी डॉक्टरांना स्पष्ट सांगणार होते. त्यांनी आधी आभाला विचारलं, सू आली की काय करतेस.
आभा माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "धरून ठेवते. आजी, माझे किती तारे झाले ते सांग ना."
डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. संजनाने आभाला उचलून मांडीवर घेतलं. मला विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

३ मार्च
आठ वाजता वर्ग उघडायच्या आधी मालूकडे दिलं: संडासाचं कुलूप, एक. चावी, एक. सही घेतली.
संजनाने ताऱ्यांचा तक्ता मागितला, डॉक्टरांना दाखवायला. दिला. आभाचे तेवीस. मी सही मागितली नाही.